अर्ध्या तासाचं अंतर

कर्जतला दहिवलीत आमच्या घराच्या बैठकीत दोन घड्याळं आहेत. एक कर्जतचं. शाळेची वेळ, लोकलची वेळ, नळाला पाणी यायची वेळ त्याच्यावर चालते. दुसरं जहाजाचं. आमचे हे मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर आहेत. ते ज्या समुद्रात असतील, तिथली वेळ या दुसऱ्या घड्याळात असते. हे घड्याळ सासूबाईंनी लावून घेतलं. "तो जेवला असेल की झोपला असेल, एवढं तरी कळू दे मला," असं त्या म्हणायच्या. जहाजावरून 'आज रात्री घड्याळ एक तास पुढे' असा निरोप आला की त्या स्टूल ओढायच्या, पदर खोचायच्या आणि स्वतःच्या हाताने काटा फिरवायच्या. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

कर्जत म्हटलं की लोकांना घाट आठवतो, वडापाव आठवतो, पावसाळ्यातले धबधबे आठवतात. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढ्या वेळात फलाटावर वड्यांसाठी झुंबड उडते. समुद्र इथून दिसत नाही. पण राजमाचीच्या डोंगरातून उतरलेली उल्हास नदी कर्जतवरून वाहत शेवटी वसईच्या खाडीला जाते आणि शेजारच्या खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. माझे सासरे भिवपुरीच्या वीजगृहात होते. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळातून खाली सोडून त्यावर वीज करायची, हे खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीत १९२२ पासून चालू आहे. टर्बाइनची घरघर ऐकत वाढलेला मुलगा जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेला, याचं आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही.

आणि आता तर समुद्राची शाळाच कर्जतला आली आहे. अँग्लो-ईस्टर्न मरीटाइम अकॅडमी इथे २००९ पासून आहे. देशभरातली मुलं-मुली इथे राहून शिकतात आणि मग जहाजावर जातात. सुट्टीच्या दिवशी बाजारात ती दिसतात. बारीक कापलेले केस, ताठ चाल, हातात साबण-बिस्किटांची पिशवी. डोंगरांच्या कुशीत बसून ही मुलं समुद्राचा अभ्यास करतात. त्यांना पाहिलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं, की बाळांनो, समुद्रावरचा दिवस कसा असतो ते मी पाहिलंय.

मी ते पाहिलं २०१८ साली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना काही काळ कुटुंब जहाजावर नेता येतं. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. एकदा बघून ये, म्हणजे त्याच्याशी भांडताना तरी नीट भांडशील." ऑक्टोबरच्या मध्यावर मी ब्राझीलच्या टुबाराव बंदरात जहाजावर चढले. लोहखनिज भरून चीनच्या किंगदाव बंदरापर्यंतचा प्रवास होता. सुमारे ११,००० सागरी मैल, ३६ दिवस, मध्ये एकही थांबा नाही.

जहाज जवळजवळ ३०० मीटर लांब होतं. माणसं मोजून २२, तेविसावी मी. पोटात दीड लाख टनांहून जास्त लाल माती. राहायची इमारत पार मागच्या टोकाला, सहा-सात मजल्यांची, वरच्या मजल्यावर ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची खोली. पहिल्या दिवशी माझ्या हातात लाइफ जॅकेट आलं आणि केबिनच्या दाराआड लावलेला कागद वाचायला सांगितला गेला: घंटा अशी वाजली तर कुठे जमायचं, माझी बोट कोणती, माझी जागा कितवी. मग कळलं की जहाजावर माझं नाव बदललं आहे. ह्यांना सगळे 'बडा साब' म्हणत. सेकंड इंजिनिअर 'दो साब', थर्ड इंजिनिअर 'तीन साब', फोर्थ 'चार साब'. स्वयंपाकी तो भंडारी, डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. हे शब्द भारतीय खलाशांच्या कित्येक पिढ्यांनी बोलून बोलून गुळगुळीत केलेले आहेत. मी झाले 'भाभीजी'.

जहाजावरचा दिवस पाळ्यांनी बांधलेला असतो. ब्रिजवर चार तासांची पाळी, मग आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. पहाटे चार ते आठ चीफ ऑफिसर, आठ ते बारा थर्ड ऑफिसर, बारा ते चार सेकंड ऑफिसर आणि संध्याकाळी पुन्हा तीच माळ. मध्यरात्री बारा ते पहाटे चारची पाळी ज्याच्या वाट्याला येते, तो माणूस महिनोन्‌महिने सगळ्यांपेक्षा वेगळ्या दिवसात जगतो. इंजिनवाले सकाळी आठला खाली उतरतात. त्याआधी कंट्रोलरूममध्ये पाच मिनिटांची बैठक होते: आज कोण काय उघडणार, कुठे गरम आहे, कुठे उंचावर चढायचंय. दहाला चहा, बाराला जेवण, तीनला चहा, पाचला काम संपतं. रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं, पण ज्याची पाळी असेल त्याच्या उशाशी अलार्म असतो. तो वाजला की ठरलेल्या मिनिटांत खाली जायचं, मग स्वप्न कितीही गोड असो.

मी एकदा ह्यांच्याबरोबर इंजिनरूममध्ये उतरले. कानावर मफ, अंगात बॉयलर सूट. तीन मजली घराएवढं एकच इंजिन. मिनिटाला ८०-९० फेऱ्या, म्हणजे आपल्या नाडीपेक्षा फार वेगळा नाही त्याचा ठेका. पण एकेक ठोका पायाच्या तळव्यांतून वर मस्तकापर्यंत जातो. दिवसाला ४०-५० टन तेल पिणारं हे धूड चार साब हातातल्या कापडाने पुसत होता. इतक्या मायेने की मला आमच्या गोठ्यातली म्हैस आठवली. ह्यांनी मला गोडं पाणी तयार होतं ते यंत्र दाखवलं. इंजिन थंड करून तापलेलं पाणी आत फिरतं, त्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळतं. आतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून ते १०० अंशांवर जावं लागत नाही, ५०-६० अंशांतच वाफ होते. ती वाफ धरली की झालं पाणी. दिवसाला वीसेक टन. मी काचेतून ते थेंब ठिबकताना बघत राहिले. चार महिने कोसळणारा पाऊस पाहूनही मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. इथे भर समुद्रात माणसाने आपल्या गरजेपुरतं पाणी जमवलं होतं, कारण त्यावाचून चालणारच नव्हतं.

दुपारी बारा वाजता जहाजाचा हिशेब होतो. त्याला नून रिपोर्ट म्हणतात. कालच्या बारापासून आजच्या बारापर्यंत किती मैल आलो, किती तेल जळलं, किती उरलं, वारा कुठला, लाटा किती. घरातली बाई महिनाअखेरीला डबे उघडून पाहते ना, तसं हे रोज. पाण्यावर खूण नसते, मैलाचा दगड नसतो. काल आणि आज डोळ्यांना सारखेच दिसतात. त्या चार ओळी लिहिल्या की मगच 'आपण ३१० मैल पुढे आलो' हे खरं होतं.

जेवणाचं सांगायलाच हवं. पालेभाजी पहिल्या दहा-बारा दिवसांत संपली. कोथिंबीर भंडाऱ्याने ओल्या कागदात गुंडाळून लेकरासारखी जपली होती, तीही गेली. मग राज्य कोबी, बटाटा, कांदा, लाल भोपळा यांचं. पाव रोज पहाटे गॅलीतच, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातच, भाजला जायचा आणि त्याचा वास जिन्यातून वर यायचा. रविवारी बिर्याणी आणि आइस्क्रीम. भारतीय खलाशांच्या जहाजावर हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची हिंमतही कुणाची नाही. मला वाटायचं, हे खाण्याचं कौतुक आहे. तिसऱ्या आठवड्यात उमगलं की बिर्याणी हे कॅलेंडर आहे. आज कोणता वार, हे समुद्र सांगत नाही. बिर्याणी आली की आठवडा सरला, करार संपायला एक रविवार कमी झाला.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालताना समुद्र बदलला. तिथे अगुल्हासचा प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा त्याच्या अंगावर चालून येतात. दोघांच्या झगड्यात जहाज डाव्या-उजव्या अंगावर कलंडत राहिलं, दोन दिवस आणि तीन रात्री. जेवणाच्या टेबलावरचं कापड मेसमनने पाण्याने ओलं केलं. मला वाटलं सांडलं काहीतरी. "नहीं भाभीजी, प्लेट नहीं फिसलेगा," तो म्हणाला. रात्री ह्यांनी गादीच्या एका कडेखाली लाइफ जॅकेट सरकवलं, त्यामुळे गादीची घळ झाली आणि मी भिंत व गादी यांच्या बेचक्यात अडकून झोपले. पाळण्यात बाळ ठेवावं तशी. हे कुठल्या पुस्तकात नाही. जुन्या खलाशाने नव्याला सांगायचं, असंच ते चालत आलंय.

दर शनिवारी सराव असायचा. कधी आगीचा, कधी जहाज सोडण्याचा. मागच्या टोकाला केशरी रंगाची बंद बोट घसरणीवर बसवलेली असते, वेळ आली तर सगळ्यांना पोटात घेऊन ती सरळ समुद्रात झेप घेते. आत सगळे जहाजाच्या मागच्या दिशेकडे पाठ करून, पट्ट्यांनी बांधून बसतात. मी माझ्या जागेवर बसले, पट्टा आवळला, आणि शेजारच्या एकोणीस वर्षांच्या कॅडेटने तो पुन्हा ओढून तपासला. माझ्या मुलाहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्या दिवसापासून मला जहाजावर भीती वाटली नाही.

आता घड्याळाचं. ब्राझीलहून चीनला जायचं म्हणजे सूर्याच्या दिशेने जायचं. घड्याळं ११ वेळा पुढे न्यावी लागतात. ज्या रात्री बदल असेल, त्या दिवशी मेसच्या फळ्यावर लिहिलं जातं. तो एक तास एकाच्याच झोपेतून किंवा एकाच्याच पाळीतून कापला जाऊ नये, म्हणून तिन्ही पाळ्यांमध्ये वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. मला ही गोष्ट फार आवडली. काळाचं नुकसानसुद्धा जहाजावर वाटून सोसतात.

निघालो तेव्हा आम्ही कर्जतच्या साडेआठ तास मागे होतो. इथे मुलगा झोपायला जायचा तेव्हा माझी दुपार असायची. मग अंतर कमी होत गेलं. साडेसात, साडेसहा, साडेपाच. मी फळ्याची वाट पाहू लागले. आणि दिवाळीच्या सुमारास, मॉरिशस मागे पडून आम्ही हिंदी महासागराच्या ऐन मध्यावर आलो, तेव्हा जहाज कर्जतच्या फक्त अर्धा तास मागे होतं.

मॉरिशसचं नाव निघाल्यावर मी रात्री ब्रिजवर जाऊन त्या दिशेला पाहिलं होतं. काहीच दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. १८३४ पासून करारावर मजूर म्हणून त्या बेटावर नेलेल्या लोकांत आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. त्या मजुरांकडे घड्याळ नव्हतं, फळा नव्हता, निरोप नव्हता. आणि १८८३ साली आपल्या कल्याणची, म्हणजे आमच्याच लाइनवरची, अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसली ती ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने, नवऱ्याशिवाय, परक्या माणसांत. माझ्या ३६ दिवसांत ह्यांची सोबत होती, तरी मला माणसांची भूक लागली होती. तिने काय सोसलं असेल, ते मला जहाजावर कळलं.

७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. जहाजावर उघडी ज्योत लावायची नाही, म्हणून पणत्या नाहीत. सेकंड ऑफिसरने रद्द झालेले जुने कागदी नकाशे दिले. फिटरने तारेचा सांगाडा केला आणि मी त्यावर नकाशे चिकटवून आकाशकंदील केला. आत बल्ब लावल्यावर कागदावरचे खोलीचे आकडे उजळले, कुठल्याशा किनाऱ्यालगतची १२, ९, ७ मीटरचं उथळ पाणी. मेसमध्ये तो टांगला. भंडाऱ्याने डब्यातल्या दुधाची बर्फी केली. केरळचा चार साब, बिहारचा कॅडेट, रत्नागिरीचा सारंग, सगळे अंघोळ करून नवे शर्ट घालून आले. कॅप्टनने पूजा केली. घरी फोन लावला तर सासूबाई म्हणाल्या, "आम्ही साडेसहाला पूजेला बसलो, तुमचे सहा झाले असतील ना?" त्यांना बरोबर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा सूचना लागली आणि रात्रीतून आम्ही कर्जतच्या अर्धा तास पुढे गेलो. जहाजाची घड्याळं पूर्ण तासाने सरकतात आणि आपल्या देशाची वेळ साडेपाच तासांची, त्यामुळे दोन्ही घड्याळं बरोबर एक वेळ दाखवतील असा क्षण त्या सबंध प्रवासात आलाच नाही. अर्धा तास मागे होतो, मग अर्धा तास पुढे गेलो. खलाशाच्या बायकोला याहून नेमकं काय सांगता येईल?

*

परत आल्यावर मी या जगाबद्दल वाचू लागले, विचारू लागले. कर्जत-खालापुरात जहाजावर जाणारी घरं मला वाटलं होतं त्याहून जास्त निघाली. काहींची मुलं मालवाहू जहाजांवर आहेत, काहींची प्रवासी क्रूझवर. खोपोलीची एक ओळखीची बाई सांगते, तिचा मुलगा क्रूझच्या स्वयंपाकघरात आहे. वर प्रवासी डेकवर खुर्च्या टाकून सूर्यास्त पाहतात. तो खाली खिडकी नसलेल्या ठिकाणी हजारो माणसांचं जेवण रांधतो. सात-आठ महिन्यांचा करार, त्यात पूर्ण सुट्टीचा दिवस क्वचितच. "आई, मी समुद्र बघत नाही, फक्त त्याच्यावर असतो," असं तो तिला म्हणाला होता.

आपल्या देशाच्या परदेशी व्यापारातला वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रावरून येतो-जातो. जगातल्या खलाशांत १०-१२ टक्के भारतीय आहेत. या समुद्री व्यापारात भारतीय मालकीची जहाजं आणणाऱ्यांत आपल्याच मातीतले एक होते, सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांची सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. त्यांची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीत भारतीय मालकीची बोट सातासमुद्रापार गेली, म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस. हेच वालचंद आमच्या भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचे कंत्राटदारही होते. पुण्याकडे जाताना गाडी बोगद्यात शिरली की मला दरवेळी 'लॉयल्टी' आठवते.

खलाशांच्या हक्कांचा जागतिक करार २००६ साली झाला आणि २०१३ च्या ऑगस्टपासून लागू झाला. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७ तास, असं त्यात आहे. समुद्रावर ते पाळलंही जातं. पण बंदर आलं की तपासणारे येतात, तेल भरायचं असतं, सुटे भाग चढवायचे असतात, कागद सह्या मागत उभे असतात आणि दीड दिवसात जहाज पुन्हा सुटतं. किंगदावला ३६ दिवसांनी जहाज किनाऱ्याला लागलं, पण २२ माणसांपैकी किनाऱ्यावर पाय ठेवायला मिळाला फक्त चौघांना, तोही तीन तास. कॅडेट रेलिंगला धरून शहराचे दिवे पाहत होता. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं. कागद कमी करता येतील, माणसं वाढवता येतील. या लोकांना जमिनीवर चालायला मिळावं यासाठी कुणीतरी बोललं पाहिजे. २०२४ च्या २३ डिसेंबरपासून त्या करारात इंटरनेटची सोय हा मुद्दा आला, ते फार चांगलं झालं. घरचा आवाज ही चैनीची वस्तू नाही.

ते मला २०२० ने शिकवलं. हे जानेवारीत चार महिन्यांसाठी गेले होते. मार्चमध्ये कोरोनामुळे बहुतेक बंदरांत खलाशांची चढ-उतार बंद झाली. बदली माणूस चढेना आणि चढलेला उतरेना. वर्षअखेरीला जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. १ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना अत्यावश्यक कर्मचारी मानावं असा ठराव केला. आमचे चार महिने नऊ झाले. त्या काळात, ऑगस्टमध्ये, सासूबाई गेल्या.

निरोप द्यायला मी आधी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडे पहाटेचे तीन होते. मी तिकडचे सहा वाजेपर्यंत थांबले, मग फोन लावला. चित्र दिसलंच नाही, आवाज तुटत तुटत गेला. ते म्हणाले, "बरं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे इंजिनचा तो ठेका ऐकू येत होता. नोव्हेंबरात घरी आल्यावर मी विचारलं, तो दिवस कसा काढलात? म्हणाले, "आठला खाली गेलो. दो साबने सुट्टी घ्या म्हटलं, मी नको म्हटलं. दहाला चहा आला. बाराला नून रिपोर्ट केला. तीनला पुन्हा चहा आला. पाचला वर आलो तर सारंगाने आईच्या नावाने डेकवर हार तयार ठेवला होता, दोरीचा, पांढऱ्या कापडाच्या फुलांचा. सगळे जमले होते. आम्ही तो समुद्रात सोडला."

पाळ्या, चहा, फळा, रिपोर्ट हे सगळं मी २०१८ ला नोकरीचे नियम म्हणून पाहिलं होतं. ते ऐकताना मला कळलं की समुद्रावर माणसाला धरून ठेवणारे हात हेच आहेत. तिथे दिवस बावीस जण मिळून उभा करतात, रोज नव्याने, आणि ज्याच्यात त्या दिवशी बळ नसेल, त्यालाही त्यात उचलून घेतात.

आता मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. पुण्यात शिकतो, जहाजाचं अजून काही बोललेला नाही आणि मी विचारलेलं नाही. हे पुन्हा समुद्रावर आहेत. या दिवाळीला घरी नसतील. नकाशाचा तो कंदील मी घडी करून आणला होता, तो गॅलरीत लावलाय. कागद पिवळा पडलाय, आकडे अजून वाचता येतात.

काल संध्याकाळी फोन वाजला. 'आज रात्री एक तास पुढे.' मी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि काटा फिरवला.